स्ट्रॉबेरीची अर्धी पंगत

परवापासून पुन्हा तसंच आभाळ आलंय. जानेवारीतलं, ना धड पाऊस पाडणारं, ना ऊन पडू देणारं. आज सकाळी डोंगराकडून धुकं उतरलं आणि पिंपळनेरच्या रस्त्यावरची बाभळीची झाडं दिसेनाशी झाली. बांधावरून जाणारा एक जण म्हणाला, "ताई, गव्हाला चांगलं हं हे." हो बाबा, गव्हाला चांगलं. गव्हाचं कौतुक करणाऱ्या माणसाशी सकाळी सकाळी काय भांडायचं? माझी मात्र स्ट्रॉबेरी.

या हवेत स्ट्रॉबेरीवर बुरशी चढते. आधी देठाजवळ एक मऊसर तपकिरी डाग दिसतो, काल तोडताना कुणाचं बोट जरा जोरात लागलं असेल असं वाटावं इतका साधा. दुसऱ्या दिवशी त्यावर करडी लव येते. फळाला हात लावला की धुरासारखं काहीतरी उडतं, आणि ते जिथे बसेल तिथलं फळ तिसऱ्या दिवशी गेलंच म्हणून समजा. दुकानात याला फळकुज म्हणतात, माझ्या कॉलेजच्या पुस्तकात करडी बुरशी म्हणत. माझे सासरे, म्हणजे आबा, नुसतं म्हणतात, "राख लागनी." त्यांचा शब्द सगळ्यात खरा आहे. लालबुंद, टपोरं फळ हातातल्या हातात राख होतं.

मी अमळनेरची. तिथल्या जुन्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेऊन पदवी घेतली आणि लग्न होऊन साक्री तालुक्यातल्या या गावात आले. तोंडाने फटकळ आहे, याबद्दल माहेर आणि सासर या दोघांचं एकमत आहे. माझ्या नवऱ्याचं नाव रमेश. घरी मी 'अहो' म्हणते, पण इथे रमेश म्हणणार आहे आणि एकेरीत लिहिणार आहे, कारण त्याच्याविषयी लिहिताना 'ते, त्यांना' असं म्हटलं की कुणी परका माणूस समोर उभा राहतो.

रमेशला औषधाचा वास सोसत नाही. शेतात आम्ही फवारणीच्या द्रवाला औषधच म्हणतो, मग ते किडीवरचं असो की बुरशीवरचं. एका ऑक्टोबरात भर दुपारी तो पाठीवर पंप घेऊन कपाशीत गेला, आणि बांधावर येऊन आडवा झाला. वाचला. पण त्यानंतर औषधाचा नुसता दर्प आला तरी त्याची छाती आवळायची, शिट्टी वाजल्यासारखा श्वास वाजायचा, ओठ निळे पडायचे. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, यापासून लांब राहा. अहो डॉक्टर, लांब म्हणजे किती लांब? आमच्या चारी बाजूंना कपाशी. शेजारच्याने पंप सुरू केला की आम्ही घराच्या खिडक्या लावून बसायचो. दोन वर्षं तो माणूस घरात बसला. दोऱ्या वळायचा, शेंगा सोलायचा. एक दिवस मी बाहेरून आले तर हा भांडी घासत होता. मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मी त्याच्या हातातलं पातेलं ओढून घेतलं आणि उगाच त्याच्यावर खेकसले.

स्ट्रॉबेरीची कल्पना त्याचीच. वीस गुंठ्यांचा तुकडा, हिवाळ्यातलं पीक, तेव्हा आजूबाजूची कपाशी संपलेली असते. आणि बसून करायचं काम. "मला जमेल ते," तो म्हणाला. दोन वर्षांत त्याने 'मला जमेल' हे शब्द उच्चारले नव्हते. आबा म्हणाले, नाजूक पीक आहे, औषधाशिवाय एक फळ हाती लागायचं नाही. मी म्हटलं, लागेल. ट्रायकोडर्मा आहे, म्हणजे बुरशीला खाणारी बुरशी. आंबट ताक आहे. मोकळी हवा आहे, सडकं फळ रोज वेचणारे हात आहेत. चार दिवस आमच्या घरात पोळ्या कमी आणि वाद जास्त झाला. शेवटी ठरलं ते असं की वारा उत्तरेकडून येतो, तेव्हा उत्तरेचा अर्धा तुकडा रमेशचा आणि माझा, तिथे औषधाचा थेंब पडणार नाही. दक्षिणेचा अर्धा आबांचा, तिथे ते त्यांना हवं ते मारतील. मध्ये मक्याची दाट पट्टी. आबा फवारतील त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी रमेश घराबाहेर पडणार नाही. हंगाम संपला की बघू. आमचा अर्धा टिकला तर रमेश पुन्हा शेतकरी. नाही टिकला तर नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत ओळखीने वजनकाट्यावर एक जागा होती, तिथे जायचं. हे सगळ्यांसमोर ठरलं, आणि आबांनी मान हलवली.

महाबळेश्वरहून रोपं आली तो दिवस मला अजून तळहातावर जाणवतो. ओल्या मॉसमध्ये गुंडाळलेल्या जुड्या, मुळांना चिकटलेली लाल माती. आमची माती काळी. गादीवाफ्यांवर काळा कागद ताणला होता, त्याला भोकं पाडली होती, आणि ऑक्टोबरचं ऊन त्या कागदावरून तोंडावर येत होतं. रमेश गुडघ्यावर बसून एकेका भोकात बोट घालायचा, रोप ठेवायचा, माती दाबायचा. नखांत माती गेली होती. संध्याकाळी हात धुतले आणि नखं तशीच ठेवली, मी बोलले तर म्हणाला, "राहू दे ना गं जरा." मी स्वयंपाकघरात जाऊन डोळ्याला पदर लावला. कांदा चिरत होते, म्हणून कुणाला काही कळलं नाही.

रासायनिक की दुसरं काही, यावर लोक फार ठामपणे बोलतात, आणि मला दोन्हीकडच्या ठाम माणसांचा तिटकारा आहे. दुकानदार पिकाचं नाव ऐकायच्या आत तीन बाटल्या काउंटरवर ठेवतो. आणि गाडीतून येणारे विषमुक्तवाले पाहुणे वाफ्यात उभे राहून फोटो काढतात, निसर्ग निसर्ग करतात, आणि सडलेलं एक फळ उचलायला सांगितलं की त्यांची कंबर धरते. खरं सांगायचं तर आबांची बाजू पोकळ नव्हती. त्यांचं औषध एका फवाऱ्यात जे करायचं, त्याला आम्हा दोघांना आठ दिवस वाकावं लागे. जुनी पानं काढा, फळाखाली काडी सरकवा, ठिबकचं पाणी सकाळीच सोडा, ताक शिंपडा, दोन दिवसांनी पुन्हा शिंपडा. पण त्यांच्या बाटलीवरच्या चिठ्ठीत लिहिलेलं असे की फवारल्यावर इतके दिवस फळ तोडू नये, आणि स्ट्रॉबेरी तर एक दिवसाआड तोडावी लागते. मग त्या मधल्या दिवसांतली फळं कुठे जातात? आबा म्हणायचे, "पोरी, बुरशी तुन्ही वही वाचत नही." माझी एक वही होती. कोणत्या वाफ्यात किती फळं सडली, कोणत्या दिवशी काय दिलं, आभाळ होतं की ऊन, सगळं त्यात. या वहीचा मला फार अभिमान होता. आता ती कपाटावर आहे.

आमच्याकडे शेतात आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. हरभरा असेल तर हरभऱ्याची पेंडी, बोरं असतील तर ओंजळभर बोरं. स्ट्रॉबेरीचं शेत म्हटल्यावर तर विचारूच नका, धुळ्याच्या रस्त्याने जाणारी माणसं गाडी थांबवून सरळ वाफ्यात. आबांच्या बाजूला मी जुन्या लुगड्याच्या लाल चिंध्या बांधल्या आणि येईल त्याला ओरडून सांगायचे, "इकडे नाही, तिकडचं खा!" आमच्या बाजूचं फळ माणसं न धुता तोंडात टाकायची, आणि रमेश उभा राहून बघायचा. कुणी 'वा' म्हटलं की त्याचा चेहरा असा व्हायचा की जणू त्यालाच कुणी जेवायला बसवलंय.

आता अक्कांविषयी सांगायला हवं. अक्का म्हणजे आबांच्या थोरल्या बहीण, रमेशच्या आत्या. रमेशची आई तो लहान असतानाच गेली, तेव्हापासून घर अक्कांनी चालवलं, आणि रमेशला त्यांनीच वाढवलं. गावात कुणाकडेही वरण-बट्टीची पंगत असो, तुपाची केटली अक्कांच्या हातात. दुसऱ्या कुणाला तो मान नाही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तुपाची धार सारखी. पाहुणा सरपंच असो की जोडे सांभाळणारा, धारेत फरक नाही. पंगत उठायच्या आधी त्या कमरेवर हात ठेवून शेवटपर्यंत नजर टाकायच्या, "कोनी ऱ्हायना का?" विचारायच्या, आणि कुणी राहिलं असेल तर त्याला दोनदा वाढायच्या. पंगतीत दुजाभाव करणारा माणूस त्यांना चोरापेक्षा वाईट वाटायचा. एकदा एका लग्नात वाढप्याने मागच्या रांगेला जिलबी दिली नाही, तर अक्का स्वतः न जेवता उठल्या होत्या.

अक्का रोज शेतात यायच्या, मक्याच्या सावलीत बसून काड्या निवडायच्या. आमच्या भांडणात त्यांनी कधी तोंड घातलं नाही. एकदाच म्हणाल्या होत्या, "आबाना झाडेस्ले औषध, नि तुन्हा झाडेस्ले नुसतं ताक?" मी हसून म्हटलं, "हो अक्का, आमची झाडं ताकावर." त्या पुन्हा काड्या निवडू लागल्या. मीही विसरून गेले. एवढी शहाणी मी, पण त्या प्रश्नात काय आहे हे मला कळलं नाही.

त्या पहिल्या हिवाळ्यात, जानेवारीत आभाळ आलं, आजच्यासारखं, आणि नऊ दिवस हटलं नाही. आमच्या बाजूला राख लागली. पहिल्या दिवशी एका वाफ्यात, मग तीन वाफ्यांत, मग मोजायचं सोडा. आबांची बाजू हिरवीगार, लाल फळांनी भरलेली, आणि मक्याच्या अलीकडे आम्ही दोघं पिशव्या घेऊन वाकलेलो. सडलं फळ अलगद उचलायचं, पिशवीत टाकायचं, तोंड बांधायचं, म्हणजे बुरशीचं बीज उडू नये. पाठ मोडायची. पहाटेच्या दवात बोटं बधिर व्हायची. एकदा रमेशने एक फळ हातात धरलं, अर्धं लाल आणि अर्धं करडं, आणि कितीतरी वेळ तसाच बसला. मी म्हटलं, "टाका ना ते." तो म्हणाला, "अर्धं चांगलं आहे अजून." मी ट्रायकोडर्मा दुप्पट केला, ताक आणखी आंबवलं, अंगाला आणि केसांना ताकाचा वास लागला. देवाला नवस बोलले, मी, वनस्पतिशास्त्राची पदवीधर. काही म्हणता काही होईना. रात्री उशाशी वही असायची आणि मी तिच्यात बघायचीसुद्धा नाही.

आणि मग एकाएकी राख थांबली. आभाळ अजून पुरतं गेलं नव्हतं, दुपारी जरासं ऊन पडायचं एवढंच. पण नवीन फळं स्वच्छ येऊ लागली. आठवडाभरात आमच्या वाफ्यांनी मान वर काढली. मी वेड्यासारखी आनंदले. वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, 'ट्रायकोडर्मा लागू पडला.' गावोगाव सांगितलं. साक्रीला शेतकऱ्यांची बैठक होती, तिथे कृषी सहायकाने मला बोलायला उभं केलं, आणि मी पदर खोचून अर्धा तास बोलले. आकडे दिले. हात वर करून सांगितलं, एक थेंब औषध नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबासुद्धा घरी म्हणाले, "मानं बा तुले." आज ते सगळं आठवलं की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटतं.

कारण त्याच दिवसांत रमेशची छाती पुन्हा वाजायला लागली. आधी त्याने लपवलं. तोडणी करता करता उठायचा, मक्याच्या पलीकडे तोंड करून खोकायचा. मी विचारलं तर म्हणे, धुक्यामुळे होतंय. एक दिवस त्याच्याच वाफ्यात, त्याच्या स्वच्छ वाफ्यात, तो खाली बसला आणि त्याला उठता येईना. ओठ निळे. मी किंचाळले. धुळ्याला नेलं. डॉक्टरांना मी तावातावाने सांगितलं, तिथे औषध नाही हो, एक थेंब नाही, मी स्वतः बघते. मीच सांगितलं. ते विचारात पडले. म्हणाले, मग ओल असेल, बुरशीचं बीज असेल, तुमची ती ट्रायकोडर्माची पावडर असेल. छाती फार हळवी झालीय, आता शेतीच नको. मातीच सोडा.

रमेशने वाद घातला नाही. येताना एस.टी.त खिडकीला डोकं टेकवून बसला होता. साक्री मागे पडल्यावर म्हणाला, "औषध सोसत नाही हे समजलं होतं. मातीच सोसत नाही म्हटल्यावर मग काय राहिलं?" फेब्रुवारीत तो नरडाण्याला वजनकाट्यावर लागला. तिथे भाड्याची खोली, आठवड्याची सुट्टी, पिंपळनेर ते धुळे आणि धुळे ते नरडाणा अशा दोन गाड्या. घरी आला तरी तो शेताकडे फिरकायचा नाही. ओसरीवर बसून रस्ता बघायचा.

पुढच्या हिवाळ्यात आबांनी सगळा तुकडा औषधावर घेतला. मी विरोध केला नाही. कोणाच्या जोरावर करणार? त्या हिवाळ्यात एका दुपारी शेतात भरिताचा बेत होता. आमच्याकडे थंडीत तो होतोच, तुऱ्हाट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, ठेचायची, कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या भाकरीबरोबर खायची. दहा-बारा माणसं होती. रमेश नव्हता. अक्का वाढत होत्या, आणि जेवणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हटलं, अक्कांच्या हातून कोणी उपाशी उठत नाही बुवा. अक्का खूष झाल्या. हसून म्हणाल्या, "माणसेस्नं सोडा, मी झाडेस्ले बी उपाशी ठेवं नही." आणि माझ्याकडे बघून सांगू लागल्या, कौतुकाने, लाडाने. "हाई वैशाली. अर्ध्या झाडेस्ले औषध, अर्ध्यास्ले नुसतं ताक. आसं कोठे ऱ्हास का व माय? तुन्हा झाडे सडाले लागनात, मंग आबा हातपाय धोवाले गया का मी उरेल औषध लिंबना डहाळाघाई शिंपी टाकू. दोन्ही पंगती सारख्या!"

सगळे हसले. मी भाकरी हातात घेऊन बसले होते. आबा फवारून विहिरीवर हातपाय धुवायला जायचे. रमेश त्या दिवशी घरात. मी फळं घेऊन पिंपळनेरला. रमेशला वाचवायला आम्ही सगळे मिळून शेत रिकामं करायचो, आणि त्या रिकाम्या शेतात अक्का लिंबाचा डहाळा बादलीत बुडवून आमच्या एकेका झाडावर शिंपडायच्या. एकही झाड वगळायच्या नाहीत, ते मला न बघताही माहीत आहे. त्या आधीच्या हिवाळ्यात त्यांच्या बोटांची सालं निघाली होती. मी रोज खोबरेल लावायचे. थंडीने होतंय, म्हणायचे.

मी अक्कांना काय बोलणार होते? त्या माउलीने जन्मभर जे पुण्य म्हणून केलं तेच केलं. मी त्यांना औषध म्हणजे काय हे कधी समजावून सांगितलं होतं का? साक्रीच्या बैठकीत पन्नास माणसांना सांगितलं, घरातल्या बाईला नाही. मला वाटलं, निरक्षर बाई, तिला काय सांगायचं. हा माझा माज. शिक्षणाचा. भरिताची भांडी घासताना मी इतकी रडले की अक्काच मला विचारत होत्या, "काय व्हयनं व माय, पोट दुखस का?"

बरं, त्यानंतर तरी मला काय कळलं? राख कशाने थांबली, अक्कांच्या डहाळीने, की दुपारच्या त्या चिमूटभर उन्हाने, की माझ्या ट्रायकोडर्माने? आता कुणीच सांगू शकत नाही. वहीतली प्रत्येक नोंद खोटी. दोन्ही बाजू सारख्या झाल्या होत्या, आणि मी त्यांची तुलना करत बसले होते. एवढंच खरं की रमेशला मातीने हाकललं नव्हतं. आणि हे मी त्याला दहा महिने सांगितलं नाही. भीती वाटत होती. अक्कांवर त्याचा जीव आहे. आणि मनात असंही यायचं की सांगून द्यायचं तरी काय? ये, परत ये, तुझा श्वास चालेल अशी जागा आहे, पण तिथे फळ टिकेल की नाही ते मला माहीत नाही?

या दिवाळीत तो चार दिवस आला होता. रोपं लावणं चालू होतं. मी त्याला जवळजवळ ओढतच बांधापर्यंत नेलं आणि सगळं सांगितलं. अडखळत, मध्येच स्वतःला शिव्या देत. तो ऐकत होता. अक्कांचं नाव आलं तेव्हा त्याने डोळे मिटले. आणि मग एवढंच विचारलं, "म्हणजे मातीचं काही नव्हतं?"

"नाही हो. मातीचं काही नव्हतं."

तो खाली बसला. वाकून त्याने काळ्या कागदाची कड वर उचलली आणि आत हात घातला, मनगटापर्यंत. "अक्काला बोलू नकोस," म्हणाला. "तिला कळलं तर ती जेवायची नाही." मग म्हणाला, "उत्तरेच्या टोकाचे दोन वाफे मला द्या. आबांना सांग, बाकी सगळं तुमचं." मी अक्कांना एवढंच सांगितलं की या दोन वाफ्यांना उपास आहे, वर्षभराचा. उपास त्यांना लगेच पटला. त्या वाफ्यांकडे बघून त्या हात जोडतात.

मग डिसेंबर बरा गेला. रमेश दर सुट्टीला पहिल्या गाडीने यायचा, वाफ्यांत बसायचा, शेवटच्या गाडीने जायचा. मधल्या दिवसांत वाफ्यांचं मी बघायचे. आणि परवा हे आभाळ आलं. काल सकाळी गेले तर दोन्ही वाफ्यांवर राख. मी ताक घेऊन धावले. आबा मागून आले, वाफ्यांकडे बघत उभे राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "औषधना एक हात मारी देऊ का? उद्या तो यावाना शे. त्याले कळाव नही. हे देखीसन पोऱ्या खचीन."

त्यांच्या आवाजात माझ्याविरुद्ध काही नव्हतं. लेकाची काळजी होती. आणि मी लगेच नाही म्हटलं नाही. हे लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. मला रमेशचा उद्याचा चेहरा दिसला, आणि वाटलं, हलका एक हात. आत्ता मारला तर उद्यापर्यंत दर्प जाईल. फळं राहतील. तो हसेल. त्याची छाती मी विसरले होते, एवढ्या वेळापुरती. मग भानावर आले आणि आबांच्या हातातला पंप काढून घेतला. "आबा, नको. राहू द्या." आबा विहिरीकडे गेले.

आज तो आला. धुक्यातून चालत आला आणि वाफ्यांपाशी थांबला. मी त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही, पिशव्या पुढे केल्या. तो बसला, आणि वेचू लागला. एक वाफा होईपर्यंत दोन पिशव्या भरल्या. दुसऱ्यात तर धरायला काही उरलंच नव्हतं. मध्येच तो पूर्ण खाली वाकला, तोंड पानांत घातलं, आणि छातीभर श्वास घेतला. मी मोजू लागले. एक, दोन, तीन. श्वास वाजला नाही.

"नुसता सडल्याचा वास येतोय," तो म्हणाला. "दुसरा कसलाच नाही."

मला भडभडून आलं आणि रागही आला, कशाचा ते कळेना. मी म्हटलं, "अहो, काही राहिलं नाहीये यात. काढून टाकू का झाडं? आबा म्हणतात, गवार लावू."

"नको," तो म्हणाला. हात पानांतच होते. "सडू दे. मला इथे बसता येतंय."

आणि त्याने आणखी एक पिशवी मागितली.